कडेपासून एक हात आत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. बहिणीला मी लग्नाआधीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, सांगायला नको होत्या त्याही. ही मात्र नाही. एकदा सांगायला बसले होते. माहेरी, आष्टीला, आम्ही दोघी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी सुरुवात केली, "ती माझ्या शाळेतली पोरगी होती ना, जिचा अपघात झाला..." आणि ती लगेच म्हणाली, "हो गं, किती वाईट वाटलं होतं तुला तेव्हा. जेवत नव्हतीस." मी पुढची शेंग फोडली. वाईट वाटून घेणाऱ्या बाईची जागा मला आयती मिळाली होती — ती सोडून उठवलं नाही.

आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये.

मी गणित शिकवते. सध्या जालन्यात आहे. सात वर्षांपूर्वी घनसावंगी तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलवर होते. गावाचं नाव सांगत नाही. नवरा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, मी घनसावंगीत खोली करून राहायची आणि रोज काळीपिवळी जीपनं किंवा बसनं शाळेत जायची. शाळा मेन रोडवर. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या आठवी-नववीच्या मुलींना सरकारी सायकली मिळाल्या होत्या. चार-पाच किलोमीटरवरून यायच्या पोरी.

तो रस्ता नवीन केला होता, रुंद, काळाभोर. पण कडेला डांबर संपतं तिथं वीतभर खाली उतार, आणि साइडपट्टीवर नुसती खडी आणि बाभळीचे काटे. हिवाळ्यात त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर — एकामागं दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी — कापसाच्या गाड्या, जीपा, शहागडकडून आत वळलेले ट्रक. पोरी त्या खडीतून सायकली ढकलत यायच्या. सायकल असून निम्मा रस्ता पायी. हॉर्न वाजला की खाली उतरायचं, गाडी गेली की वर चढायचं. पंक्चर तर रोजचंच.

पावसाळ्यात एक दिवस तिघीजणी चिखलानं भरून आल्या. एका जीपवाल्यानं मुद्दाम घासून नेलं होतं आणि आतले लोक हसले होते. मला राग आला. तो राग खरा होता, एवढं तरी माझ्याकडून ऐकून घ्या.

मी स्वतः आष्टीला भावाची चोवीस इंची सायकल चालवत शाळेत गेलेली. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण आठवीतच एक गोष्ट कळली होती — कडेला चिकटून चालणाऱ्याला गाडीवाला मोजतच नाही. तो वेग कमी करत नाही, स्टेअरिंग हलवत नाही, तुम्हाला घासून निघून जातो. तुम्ही डांबरावर कडेपासून एक हात आत चाललात, सरळ रेषेत, न डगमगता, तर त्याला तुम्ही दिसता. त्याला तुम्हाला ओलांडावं लागतं, आणि ओलांडायचं म्हटलं की समोर बघावं लागतं.

हेच मी पोरींना शिकवलं.

मुख्याध्यापक सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "करा मॅडम, चांगलंय. फक्त कागदावर काही आणू नका." मला त्यात काही खटकलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानावर फक्की टाकून रस्ता आखायचा, अकरा मुली, अकरा सायकली. एकामागं एक चालायचं. वळायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागं बघायचं, नुसतं बघितल्यासारखं करायचं नाही, गाडीवाल्याच्या तोंडाकडं बघायचं. मग हात. पूर्ण हात, खांद्याच्या रेषेत. मग हळूहळू मधे यायचं, थांबायचं, समोरून कुणी नाही बघून वळायचं. मैदानावर महिनाभर झालं, मग मी एकीची सायकल घेऊन त्यांच्याबरोबर रस्त्यावर गेले.

प्रज्ञा त्यांच्यात पुढं असायची. नववीत होती. बौद्ध वस्तीवरची, वडील गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला. बोलायची कमी. गणितात बरी, फार हुशार नाही — नंतर लोक मला म्हणायचे, किती हुशार पोरगी होती, आणि मी मान हलवायचे. ती हुशार नव्हती, ती नीट होती. एकदा सांगितलेलं तसंच्या तसं करायची. बाकीच्या पोरी मी बघत नसले की हात अर्धवट काढायच्या, लाजायच्या. प्रज्ञाचा हात कधी अर्धा निघाला नाही.

दोन-तीन महिन्यांत फरक पडला. ट्रॅक्टरवाले लांबूनच वेग कमी करायला लागले. एक म्हातारा ट्रकवाला तर हात वर करायचा पोरींना. पोरी वेळेवर यायच्या, शर्यत लावल्यासारख्या ओळीनं. आणि गावातली माणसं म्हणायला लागली, "रोड बापाचाच असल्यागत चालवून राह्यल्या पोरी." मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू — मला त्याचा अभिमान होता. स्टाफरूममध्ये मी ते वाक्य दोनदा तरी सांगितलं असेल.

त्याच दिवसांत प्रज्ञाची आई शाळेच्या गेटवर आली. रानातून थेट आली होती, ओढणीसारखा पंचा डोक्याला, हाताला बोंडांचे ओरखडे. आत या म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "मॅडम, लोक म्हणून राह्यले, तुमची पोरगी रोडाच्या मधून सायकल चालवती. हिच्या बापानं मारलं काल तिला. ती म्हणती, मॅडमनीच सांगितलंय. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणाले. "बिलकुल बराबर चालवते ती. मारू नका तिला."

"मंग काय न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही म्हणल्या म्हणल्यावर झालं."

तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. माझ्या एका वाक्यानं. हे लक्षात ठेवा — मीही विसरलेले नव्हते. पुढं जे झालं ते विसरल्यामुळं झालं नाही.

अपघात जानेवारीत झाला. पाच वाजता शाळा सुटली, ऊन होतं, स्वच्छ उजेड. मी समोरच्या बसथांब्यावर उभी होते. पोरी ओळीनं निघाल्या. प्रज्ञा पुढं, तिच्या मागं निखत आणि सविता, बाकीच्या अजून गेटात. शाळेपासून दीडशे-दोनशे पावलांवर उजवीकडं वस्तीचा रस्ता फुटतो. मी बस बघत होते खरं तर, पण बस त्याच बाजूनं यायची, म्हणून डोळे तिकडंच.

प्रज्ञानं मागं बघितलं. हात काढला. जीप अजून लांब होती, शाळेच्याही अलीकडं, माझ्यासमोरून जायची होती. प्रज्ञा मधे आली. हात तसाच. जीप माझ्यासमोरून गेली तेव्हा तिच्या वेगानं माझा पदर उडाला. त्यानं हॉर्न दिला नाही. तो उजवीकडून काढायला गेला — का, ते मला आजही कळत नाही. मोकळा रस्ता होता, डावीकडं सगळी जागा होती, आणि ती मधे थांबलेली, हात बाहेर.

आवाज फार मोठा झाला नाही. मला वाटायचं, अपघाताचा आवाज मोठा असतो.

तिला उचलायला मी धावले. हे मी केलं. तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदर फाडून पायाला बांधला, दुसऱ्या गाडीतून अंबडला आणि तिथून संभाजीनगरला नेलं तेव्हा बरोबर होते. लोकांनी माझ्या साडीवरचं रक्त पाहिलं. पुढं बरेच दिवस लोक तेच बोलत होते, मॅडमची साडी कशी भरली होती. ती साडी मला फार उपयोगी पडली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे होते. सर, शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले दोघं-तिघं, आणि जबाब घ्यायला आलेले हवालदार. चहा आलेला होता. कुणी ओरडत नव्हतं, कुणी मला धमकावलं नाही. जीप अध्यक्षांच्या पुतण्याची होती — पण ते मला त्या दिवशी ठाऊकच नव्हतं, नंतर कळलं. तेव्हा त्यांच्या धाकानं बोलले म्हणावं, तर तेही खोटंच होईल.

हवालदार वहीवर लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पोरी रोडच्या मधून चालवायच्या म्हणे. कोणी शिकवलं त्यांना तसं?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

मी म्हणाले, "मी तर कडेनंच चालवायला सांगितलं होतं."

तुम्हाला वाटेल आधी भीती वाटली आणि मग खोटं बोलले. तसं नाही झालं. वाक्य आधी आलं. इतकं सहज आलं, की मला स्वतःला क्षणभर वाटलं, हेच खरं असावं. भीती नंतर आली, आणि मग तिनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. हवालदारांनी पुढं विचारलं, "हात-बीत दाखवला होता का तिनं वळताना?" तेव्हा मला विचार करायला पुरेसा वेळ होता. मी वेळ घेतला. आणि म्हणाले, "मला दिसलं नाही. मी बस बघत होते."

निखत आणि सविता दारात उभ्या होत्या. त्यांनाही जबाबासाठी बोलावलेलं होतं. त्यांनी ऐकलं. सविता खाली बघायला लागली, निखत माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. फळ्यावरचं गणित चुकल्यावर पोरं बाईंकडं बघतात ना, आता बाई पुसतील, दुरुस्त करतील — तसं. मी दुरुस्त केलं नाही. मग हवालदारांनी त्यांना विचारलं. दोघी म्हणाल्या, "आम्हाला माहीत न्हाई. आमचं ध्यान नव्हतं."

म्हणजे त्या दोघींना मी दुसरीही एक गोष्ट शिकवली. तीही त्या एकदाच बघून शिकल्या.

जबाबाखाली मी सही केली. 'शिक्षिकेने वेळोवेळी कडेने चालण्याची सूचना देऊनही' असं काहीतरी वाक्य होतं. 'वेळोवेळी' हा शब्द त्यांनी घातला होता, मी नाही. मी तो खोडायलाही सांगितला नाही.

जीपवाल्याला फार काही झालं नाही. पोरगी एकदम मधे आली, असं ठरलं. पुढच्या सोमवारी सरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं की मुलींनी सायकल रस्त्यावर चालवू नये, गाडी आली की खाली उतरावं, आणि सूचना न पाळल्यामुळं काय होतं ते आपण पाहिलंच आहे. मी रांगेत, आठवीच्या वर्गापुढं उभी होते. हळूहळू सायकली बंद झाल्या. काही पोरी पायी यायला लागल्या, काहींच्या सायकली भाऊ वापरायला लागले. चौघींनी शाळाच सोडली. त्यातल्या एकीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. ते माझ्यामुळंच झालं असं म्हणता येत नाही. पण माझ्यामुळं झालं नाही, असंही मला म्हणता येत नाही.

इथवरचं बोलायला मी कधी ना कधी तयार झाले असते, असं वाटतं. घाबरट बाई होते, घाबरले, खोटं बोलले. माणसं असं करतात. ऐकणारेही समजून घेतात. पण मला सांगायचंय ते हे नाही. ते पुढचं आहे, आणि मी मघापासून त्याच्याभोवती फिरते आहे.

अडीच महिन्यांनी प्रज्ञाला घरी आणलं. मी भेटायला गेले. जायला नको होतं का? मला वाटलं, जायला हवं. नववीची पुस्तकं, दोन वह्या, सफरचंदं घेतली. वस्तीत जयंतीची तयारी चालली होती, पोरं शिडीवर चढून निळ्या पताका बांधत होती. एकानं मला घर दाखवलं.

पत्र्याची खोली, आत उकाडा. प्रज्ञा बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. उजवा पाय मांडीपासून बांधलेला. तो पुढं नीट झाला नाही, आखूडच राहिला. हात कोपरातून सरळ होत नव्हता. डोक्याला मार होता, केस काढले होते, ते आता खुंटासारखे आलेले. मला बघून ती हसली आणि उठायला बघत होती. वडील कामावर गेलेले. आईनं चहा ठेवला.

मी अभ्यासाचं काहीतरी बोलत होते. प्रज्ञा ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? त्या दिवशी मी मागं बघितलं होतं का?"

मी म्हणाले, "कशाला तो विचार करतेस?"

"मला वाटतं बघितलं होतं. हात पण काढल्ता असं वाटतं. पण सगळे म्हणतात मी एकदम मधे गेले." ती हळू बोलायची, शब्द शोधत. "आणि सर म्हणले, तुम्ही आम्हाला कडेनं चालवायला सांगितल्तं. मला तर उलटं आठवून राह्यलं. डांबरावर एक हात आत. मैदानावर फक्की टाकल्ती तुम्ही. ते कधी झालं मंग? डोक्याला लागल्यामुळं असं होतं का, मॅडम?"

चुलीपाशी तिची आई थांबली. तिच्या हातात चहापत्तीची चिमूट होती. ती म्हणाली, "मलाबी तेच वाटून राह्यलं. मॅडम, मी आल्ते ना शाळेत, तुम्हाला इचारायला. तुम्ही म्हणल्त्या बिलकुल बराबर चालवती. आठवतं का?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती. त्या खोलीत आम्ही तिघीच होतो. हवालदार नव्हते, सर नव्हते, वही नव्हती. मी हो म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? त्या दोघींना. बस्. कदाचित त्या बाहेर बोलल्याही नसत्या. बोलल्या असत्या तरी कुणी ऐकलं असतं? नोकरी गेली नसती, काही झालं नसतं. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं, अगदी लख्ख.

मी म्हणाले, "तुमच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल. मी कडेनं म्हणाले होते. कडेनं चालवते ती, बिलकुल बराबर आहे, असं म्हणाले होते मी."

बघा, ते वाक्यही मी किती नीट जुळवलं. तिचाच शब्द त्यात ठेवला.

आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पातेलं खाली उतरवलं. "आसंल," ती म्हणाली. "मी आडाणी बाई. रानातून आल्ते तवा, उन्हाची. काय ऐकलं आसंल." आणि प्रज्ञाकडं वळून म्हणाली, "मॅडम थोड्या खोटं बोलत्याल? तुलाच आठवून न्हाई राह्यलं नीट."

प्रज्ञानं मान हलवली. मला म्हणाली, "सॉरी मॅडम. माझ्यामुळं तुम्हाला पोलिसाला जबाब द्यावा लागला."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा प्यायले. गोड होता, दूध जास्त घातलं होतं माझ्यासाठी.

हे आहे ते.

जीपनं तिचा पाय घेतला. तिच्याजवळ एकच गोष्ट शाबूत उरली होती, की तिला आठवत होतं, आपण बरोबर होतो. ती मी घेतली. आणि ती घेताना माझ्यावर कुणाचाही दाब नव्हता. मग का? मी सात वर्षं स्वतःला विचारते आहे. एकच उत्तर मिळतं, आणि ते मला आवडत नाही: मला त्या घरात चांगली मॅडम म्हणूनच चहा प्यायचा होता.

आणखी एक आहे, तेही सांगते. प्रज्ञा माझ्या भावकीतल्या कुणाची पोरगी असती — जिथं बापाच्या मागं चार माणसं उठून बोलायला आली असती, जिथं आईनं माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं असतं, "नाही, मी नीट ऐकलंय" — तर मी असं म्हणायला धजले असते का? नाही. मला ठाऊक होतं की ती बाई 'आसंल' म्हणेल. बोलायच्या आधीच ठाऊक होतं. मी वर्गात समतेवर बोलायची. जयंतीला भाषणही केलं होतं शाळेत, त्याच्या दोन वर्षं आधी, आणि बरं झालं होतं म्हणे.

पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली. नवऱ्याजवळ राहायचंय, हे कारण दिलं. निरोपाला पोरींनी मला पेन दिलं. प्रज्ञा त्यांच्यात नव्हती. दहावी तिनं दोन वर्षांनी, बाहेरून दिली असं कानावर आलं.

आठ महिन्यांपूर्वी अंबडच्या स्टँडवर मी प्रशिक्षणाहून परतताना गाडीची वाट बघत होते. मागून कुणीतरी "मॅडम" म्हटलं. निखत होती. मी ओळखलं नाही आधी. ती आता जालन्याला नर्सिंगचा कोर्स करते, सुट्टीत गावाकडं निघाली होती. शेजारी बसली. तिच्या पिशवीतली केळी दिली मला. इकडचं तिकडचं झालं. शेवटी मला विचारावंच लागलं, कारण न विचारणं जास्त दिसलं असतं.

"प्रज्ञा बरीय," निखत म्हणाली. "वस्तीवरच्या लेकरांची शिकवणी घेती. पंधरा-वीस लेकरं येतात. चांगली शिकवती, मॅडम. तुमच्यावाणीच, फळ्यावर आकृती काढून."

"चांगलंय," मी म्हणाले.

"शिकवणी सुटली की लेकरांना रोज एक गोष्ट सांगती. रोडनं कडेनं जायचं, गाडी आली की खाली उतरायचं, मधे यायचं न्हाई. म्हणती, माझ्या मॅडमनी मला सांगितल्तं, मी ऐकलं न्हाई, म्हणून माझं असं झालं."

मी केळीचं साल हातात धरून बसले होते. ते कुठं टाकावं कळत नव्हतं.

निखतनं पिशवीची चेन लावली. मग म्हणाली, "मी तिला काही बोलले न्हाई, मॅडम. कधीच न्हाई. मला वाटलं, तुम्ही सांगताल."

तिच्या बोलण्यात तेव्हाही राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

घनसावंगीची गाडी लागली. निखत उठली. पिशवी खांद्याला अडकवून म्हणाली, "येता का? वस्तीच्या फाट्यावरूनच जाती. ती घरीच राहती या टायमाला. सहाच्या गाडीनं जल्दी परत येताल."

मी घड्याळ बघितलं. म्हणाले, "आज नको. रविवारी येते. या रविवारी नक्की."

"सांगू का तिला मंग? तुम्ही येणार म्हणून?"

"सांग," मी म्हणाले.

निखतनं सांगितलंच असणार. ती तशीच आहे, सांगितलेलं करणारी. प्रज्ञानं खोली झाडून घेतली असेल, आईला दूध आणायला लावलं असेल.

त्या रविवारी मी घरीच होते. सकाळी केस धुतले, कपडे वाळत घातले. दुपारी नवऱ्यानं विचारलं, "तुला कुठं जायचं होतं ना आज?"

मी म्हणाले, "नाही. कुठं नाही."